कोरं कार्ड

घड्याळं दुरुस्त करता करता मास्तरांना पाकिटांचा नाद लागला, आणि तो नाद पुढे घरादाराला पुरून उरला. नवं विमान आलं, नवी कंपनी आली, विमानतळाला पंचवीस वर्षं झाली, की टपाल खातं त्या दिवसाचा खास शिक्का काढायचं. मास्तर सुंदर तिकिटं लावून एक पाकीट त्या दिवशीच्या विमानाने दूरच्या शहरातल्या थोरल्या बहिणीला, ताईला धाडायचे. पाकीट वाकू नये म्हणून आत कोरं जाड कार्ड. तिकडे पोचल्याचा शिक्का मागे बसला, की ताईने ते न उघडता परत पाठवायचं. उघडलेल्या पाकिटाला संग्रहात कोण विचारतो? एकोणीस वर्षांत अशी अकरा पाकिटं झाली. ती विमानातून जाऊन आली, मास्तर काही गेले नाहीत.

उद्या पाकिटं प्रदर्शनात द्यायची होती. सोबतच्या अर्जावर 'एकही पाकीट उघडलेलं नाही' असं लिहून सही करायची होती. सही करण्याआधी मास्तरांनी सवयीने डोळ्याला भिंग लावलं आणि वरचं पाकीट उलटं केलं.

मागचा गोल शिक्का अर्धा झाकणावर, अर्धा पाकिटावर होता आणि दोन्ही अर्धे जुळत नव्हते. केसभर फरक, पण मास्तरांचं सगळं आयुष्य केसभर फरक शोधण्यात गेलेलं. त्यांनी दुसरं पाकीट घेतलं, मग तिसरं. सगळ्यांत जुनी दोन सोडली तर नऊच्या नऊ पाकिटं कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवली होती. पोस्टमन? आपलाच मुलगा? प्रदर्शनाच्या पंचांना कळलं तर चारचौघांत आपणच लबाड ठरणार! टेबलावरचा चहा केव्हाच गार झाला होता.

शेवटी त्यांनी ताईला फोन लावला.

"ताई, पाकिटं तुझ्याकडे कुणाच्या हाती लागत होती का?"

"माझ्याच. किटलीच्या वाफेवर छान सुटतात," ताई म्हणाली.

"अगं, पण का?"

"तू आत काय लिहिलंयस ते बघायला. पहिली दोन नाही उघडली, तुझा शब्द पाळला. पुढे राहवेना. दर वेळी कोरं कार्ड. मग म्हटलं, हा लिहीत नाही तर आपण लिहावं. तेच कार्ड भरून परत पाठवायचे."

"तू लिहायचीस?"

"म्हणजे तू एकही वाचलं नाहीस," ताई म्हणाली. "मला वाटायचं, वाचून गप्प बसतोस."

फोन ठेवल्यावर मास्तरांनी घड्याळाची झाकणं उघडायची पातळ सुरी घेतली. पहिलं पाकीट कापताना जीव कासावीस झाला, तिसऱ्यापासून हात चालू लागला. कार्डांवर गुडघेदुखी, शेजारणीच्या तक्रारी, मास्तरांच्या तब्येतीची चौकशी. सातव्यात फक्त चार ओळी होत्या: 'हे गेल्यापासून घर खायला उठतं. महिनाभर तुझ्याकडे येऊ का? अडचण असेल तर तसं कळव, मी रागावणार नाही.' शिक्का सहा वर्षांपूर्वीचा होता.

मास्तरांना रडू आलं. बायको दारात येऊन उभी राहिली. टेबलावरची कापलेली पाकिटं पाहून ती घाबरली. "अहो, हे काय केलंत? उद्या द्यायची होती ना?"

"ताईची पत्रं आलीत," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पुन्हा फोन लावला.

"ताई, तू ये. महिनाभर कशाला, हवं तितकं राहा."

"आता कसली येते? गुडघे गेले माझे."

"मग मी येतो. परवाच्या विमानाने."

ताईने मोठा श्वास सोडला. "ये. पण कोरा येऊ नकोस."