लोहाराच्या मांडीतला धातू

मेक्सिकोतल्या पोमुच गावचा लोहार एलिगियो पूत जन्मभर गंजाशी भांडत आला. त्याचा खुबा झिजला आणि डॉक्टरांनी आत धातूचा सांधा बसवू म्हटलं, तेव्हा तो खवळलाच.

"रक्त खारट असतं, डॉक्टर. मिठानं लोखंडाचं काय होतं ते मला नका शिकवू!"

"हे लोखंड नाही, टायटॅनियम आहे," डॉक्टर म्हणाले. "याच्यावर आपोआप पातळ साय धरते. ओरखडा उठला तरी पुन्हा धरते, म्हणून मीठ आत शिरत नाही. हाडही त्याला परकं मानत नाही, घट्ट धरून ठेवतं."

"बघू," म्हणत तो टेबलावर आडवा झाला. पुढं मरेपर्यंत ताठ चालला, पण विश्वास काही ठेवला नाही.

तो गेल्यावर तीन वर्षांनी, गावच्या रीतीप्रमाणे, बायको फिलिबेर्ता त्याची हाडं थडग्यातून काढून पुसायला बसली. मांडीच्या हाडात त्या सांध्याचा दांडा तसाच होता, गंजाचा ठिपकाही नव्हता. वेगळा ठेवावा म्हणून तिनं ओढला, पिळला. तो हलेना.

"म्हणे विश्वास नाही!" ती हाडाला म्हणाली. "मला सोडून गेलात, आणि याला मात्र धरून बसलात होय?"