दाढेवरची टोपी

हे मी सुमनलासुद्धा सांगितलेलं नाही. सुमन माझी बायको. तुम्हाला सांगतोय — आणि खरं सांगू? ते दिवस आठवले की आजही अंगात आधी उत्साहच संचारतो. लाज मागून येते.

लातूरच्या शाळेत मी मराठी शिकवायचो. नाटकाचं वेड जुनं, पण मुख्य भूमिका कधी वाट्याला आली नाही. पन्नाशीला ती मिळाली — नांदेडच्या स्पर्धेत, राजाची! मी हवेतच होतो. आंघोळ करताना संवाद, भाजी निवडताना संवाद. गल्लीतले लोक हसायचे. हसू देत की!

आणि प्रयोग आठवड्यावर आला असताना सकाळी उठलो, तर जबडा आखडलेला. एक बोट कसंबसं आत जाईल, एवढंच तोंड उघडायचं.

दातांची डॉक्टर नसरीन माझीच विद्यार्थिनी. दवाखाना नवा, आणि जबड्याला शेक द्यायचं विजेवरचं मशीन त्याहून नवं. मला पाहून तिला कोण आनंद झाला! तिनं नीट समजावलं — हा शेक आत खोलवर जातो, पण तोंडात धातू असला तर तो तापतो आणि भाजतं. धातू असेल तर साध्या गरम फडक्यानं शेकायचं आणि दोन-तीन आठवडे आराम.

"सर, आत कुठं टोपी, तार, काही हाय का? मला मागचं काही दिसून नाही राहिलं."

होती. उजवीकडच्या शेवटच्या दाढेवर, स्टीलची. मी विसरलो होतो का? कसा विसरेन — रोज जीभ लागायची तिला. पण दोन-तीन आठवडे? मग राजा कोण झाला असता?

"नाही गं," मी म्हणालो.

तरी एकदा एक्सरे काढू, असं ती म्हणत होती. सरांवर विश्वास नाही का, असं मीच हसत विचारलं. तीही हसली. मशीन लावलं.

काय सांगू तो शेक! आखडलेलं सगळं आतून सुटत चाललेलं. चटका बसला तर लगेच हात वर करा, असं तिनं बजावलं होतं. दाढेपाशी चटका बसायला लागला. मी हात वर केला का? जबडा सैल होत होता — मला कळत होतं — मी खुशीत होतो. हात मांडीवरच राहिला.

तोंड उघडलं. नसरीननं आत टॉर्च मारला. गालाची आतली बाजू आणि हिरडी पांढरी पडली होती. टॉर्चचा उजेड दाढेवर थांबला. मग तिनं औषध लावलं.

दुसऱ्या दिवशी गाल सुजला. सुमन मला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. बाहेर पेशंट बसलेले. त्यांच्यादेखत तिनं नसरीनला फैलावर घेतलं — यांच्या दाढेवर टोपी आहे, साधं विचारलंसुद्धा नाही?

नसरीननं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

"चुकलं, काकू. मी एक्सरे काढायलाच पाहिजे होता."

दोन पेशंट तिथूनच उठून गेले. बातमी लातूरभर झाली. मशीन झाकून ठेवलं गेलं. वर्षभरात तिनं दवाखाना देगलूरला हलवला. मी का म्हणून विचारलं नाही — विचारायचं होतंच काय?

पण एवढंच असतं तर मी कदाचित आजही गप्प बसलो असतो. अजून एक आहे. प्रयोग झाला. उत्तम झाला! नांदेडला अभिनयाचं पहिलं बक्षीस मला मिळालं. माइक हातात आला, समोर भरलेलं सभागृह, आणि मी रंगात येऊन सांगितलं — डॉक्टरच्या हलगर्जीपणानं तोंड भाजलं होतं, तरी मी उभा राहिलो. काय टाळ्या पडल्या!

तिसऱ्या रांगेत नसरीन बसली होती, अम्मीला घेऊन. सरांचं नाटक बघायला लातूरहून आली होती. तीही टाळ्या वाजवत होती.

मी तिला पाहिलं होतं. माइक हातात घेण्याच्या आधीच.