फ्रेस्कोचे दोन मार्क

मंडळी, आत्ताच हुडकेश्वरच्या चित्रकला क्लासमधल्या पालकसभेतून आले. डोकं अजून तापलेलं आहे.

युरोपातल्या जुन्या कलेवर चाचणी होती. प्रश्न, फ्रेस्को म्हणजे काय? माझ्या लेकीनं लिहिलं, "गिलावा ओला असतानाच त्यावर रंग द्यायचा. म्हणून दिवसभरात जेवढं रंगवून होईल, तेवढ्याच भिंतीला गिलावा करायचा."

सरांनी दोनपैकी शून्य दिलं. कारण गाईडमध्ये "भित्तिचित्राचा एक प्रकार" एवढंच छापलंय.

मी विचारलं, "सर, यात चुकलं काय? तिचे बाबा गिलाव्याचंच काम करतात. पोरीले माहीत आहे, ओला गिलावा किती वेळ थांबते ते."

सर हसले. "ताई, ही रेनेसाँची कला आहे. मिस्त्रीकामाशी तिचा काय संबंध?"

ज्यानं जन्मात गिलाव्याची थापी हातात धरली नाही, तो माणूस फ्रेस्को शिकवून राहिला.

मी निघाले तर मागून हळूच म्हणतात, "ताई, मिस्टरांना पाठवा ना एकदा. वर्गाच्या भिंतीचा गिलावा सुटून राहिला."

मी म्हटलं, "गाईडमध्ये पाहा ना सर, असंलच काहीतरी."

आता तुम्हीच सांगा, पाठवू का ह्यांना?