रांगकाकूंचा पास

रांगकाकूंचं खरं नाव वसाहतीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. विजेचं बिल असो, दवाखान्यातला केसपेपर असो, शाळेचा प्रवेश असो की सुट्टीतलं गाडीचं तिकीट, जिथे रांग तिथे काकू. शेजारणीही दारातूनच हाक मारायच्या, "काकू, जाताच आहात तर आमचंही बिल न्या ना!" काकू न्यायच्या. खांद्याला शर्टांची पिशवी असायचीच. एका शिंप्याच्या दुकानासाठी त्या हाताने काजं करून द्यायच्या आणि रांग सरकेपर्यंत उभ्या उभ्या दोन-चार काजं उरकायच्या. कुणी मधेच घुसायला लागला की हातातली सुई थांबायची आणि काकू असे डोळे वटारायच्या की तो गडी आपण चुकूनच इकडे आलो असं दाखवत मागे सरायचा.

घरात तर याची एक पद्धतच पडून गेली होती. काकूंनी आधी जाऊन उभं राहायचं. नंबर जवळ आला की फोन करायचा. मग ज्याचं काम असेल त्याने भांग पाडून आरामात यायचं, काकूंच्या जागी उभं राहायचं आणि काकूंनी पिशव्या घेऊन बाजूला व्हायचं. "आमच्या आईला रांगेत उभं राहायला आवडतं," असं मुलगा चारचौघांत कौतुकाने सांगायचा. रांगेत उभं राहायला कुणाला तरी आवडतं हा शोध त्याने कुठे लावला, देव जाणे! पण काकू ते ऐकून हसायच्या, आणि त्या हसायच्या म्हणून सगळ्यांना ते खरंच वाटायचं.

मुलगा नोकरीत कायम झाला तेव्हा सगळ्यांनी मिळून अम्युझमेंट पार्कला जायचं ठरलं. काकू, त्यांचे यजमान, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी धाकटी लेक, छोटी. पार्कच्या अलीकडच्या वळणावर बसमधूनच रोलर कोस्टर दिसला. रूळ आभाळात चढले होते आणि त्यावरून सुसाट खाली येणारी माणसं जिवाच्या आकांताने ओरडत होती. ते बघताक्षणी काकूंना वाटलं, आपल्याला यात बसायचंय. स्वतःला काही हवंसं वाटण्याची सवयच नव्हती, त्यामुळे हे सांगायचं कसं ते त्यांना कळेना. त्यांनी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं.

"आई, तू लाग रांगेला, आम्ही जरा चक्कर मारून येतो," फाटकातून आत शिरताच मुलगा म्हणाला. चौघांच्या पिशव्या काकूंच्या हातात आल्या आणि काकू रोलर कोस्टरच्या रांगेत उभ्या राहिल्या.

रांग कसली, अजगर सुस्तावून पडला होता नुसता. शेजारून लोखंडी कठड्यापलीकडून दुसरी वाट जात होती, अगदी मोकळी. जास्तीचे पैसे भरून पास घेतलेली माणसं मनगटावरचा पिवळा पट्टा दाखवत तिथून थेट पुढे जात होती. "जनाची नाही तर मनाची तरी!" काकू पुढच्या बाईला म्हणाल्या. तिनेही नाक मुरडून दुजोरा दिला.

बऱ्याच वेळाने मंडळी परतली, तेव्हा काकू जेमतेम पहिल्या वळणापर्यंत पोचल्या होत्या. कठड्याशी उभं राहूनच चर्चा सुरू झाली.

"बाबा, असं चाललं तर बस सुटेल, पण नंबर काही लागायचा नाही. पास घेऊन टाकू," मुलगा म्हणाला.

"वशिल्याचं दुकान मांडलंय लेकाच्यांनी," यजमान कडाडले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि जगात फक्त आपणच वाजवी दर लावतो असं त्यांचं ठाम मत होतं. "भाव काय तो! आपण नाही असली थेरं करत."

"बाबा, रोज का येतो आपण?" सून हळूच म्हणाली.

यजमानांनी वर धडधडत जाणाऱ्या गाडीकडे पाहिलं. त्यांनाही बसायचं होतं, हे त्यांच्या मिशांवरून कळत होतं. "किती घ्यावे लागतील?"

मुलाने बोटांवर मोजलं. "तुम्ही, मी, ही आणि छोटी. चार."

"चारच ना? मग घे एकदाचे, होऊ दे खर्च."

"आणि मी?" काकू म्हणाल्या.

चौघांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, हे आधी सांगायला हवं. काकूंना कुणी मुद्दाम वगळलं नव्हतं. त्या मोजायच्या असतात, हेच कुणाला सुचलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर काकूंना हेच जास्त झोंबलं.

"अगं, तुला चक्कर येते," यजमान म्हणाले.

"कधी आली?"

"आली नाही... पण येईल ना!"

"आई, पिशव्या कोण सांभाळणार मग?" मुलगा हसत म्हणाला. नेहमीसारखं आईही हसेल असं त्याला वाटलं होतं.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी पिशव्या एकेक करून कठड्यावरून मुलाच्या हातात दिल्या आणि वाकून कठड्याखालून त्या बाहेर आल्या.

"अगं, जागा जाईल!" यजमान ओरडले. गेलीच. मागच्याने पाऊल पुढे टाकलं आणि काकूंची जागा बुजून गेली. इतक्या वर्षांत काकूंनी नंबर येण्याआधी जागा सोडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. यजमानांचा चेहरा तर अंगणातली भिंत पडल्यासारखा झाला.

काकू तडक पासच्या खिडकीवर गेल्या. काजांचे साठवलेले पैसे कमरेच्या बटव्यात होते.

"एकच?" खिडकीतल्या मुलीने विचारलं.

"एकच."

मुलगा मागोमाग धावत आला. "आई, असं काय करतेस लहान मुलासारखं? थांब, मी पाच घेतो."

"तुमचं तुम्ही ठरवा. माझं मी ठरवलंय," काकू म्हणाल्या आणि मनगट पुढे करून त्यांनी पट्टा बांधून घेतला.

इकडे यजमान हट्टाला पेटले. बायकोने एकटीने पास घेतला म्हटल्यावर त्यांचा जुना बाणा उसळून आला. "एकही पास घ्यायचा नाही! रांगेतूनच जायचं!" आणि सगळी वरात रांगेच्या शेपटाशी गेली.

मोकळ्या वाटेने जाताना पलीकडून तीच नाक मुरडणारी बाई दिसली. "अहो बाई, मघाशी काय म्हणत होता तुम्ही? आणि आता आम्ही काय मूर्ख म्हणून उभे आहोत?"

काकूंचे कान गरम झाले. आयुष्यभर ज्यांना डोळे वटारले, त्यांच्यातच आपण आज जाऊन बसलो होतो. "तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण मी जाणार." लाज वाटत होती, चांगलीच वाटत होती. तरी त्या थांबल्या नाहीत.

गाडी चढली, टोकावर क्षणभर थबकली आणि कोसळली. काकू ओरडल्या. आधी भीतीने ओरडल्या, मग बरं वाटतंय म्हणून ओरडल्या, आणि शेवटच्या वळणावर तर आपला आवाज इतका मोठा आहे याचं नवल वाटून आणखी ओरडल्या. खाली उतरल्या तेव्हा पदर कुठल्या कुठे गेला होता आणि अंबाडा सुटला होता. चक्कर मात्र आली नव्हती. हे यजमानांना कधी सांगते असं त्यांना झालं होतं.

त्या रांगेच्या शेपटाकडे गेल्या. तिथे यजमान नव्हते, मुलगा नव्हता, सूनही नव्हती. चौघांच्या पिशव्या हातात घेऊन छोटी एकटीच उभी होती.

"बाकीचे कुठायत?"

"बाबा बाकावर बसलेत, त्यांचे पाय दुखले. दादा-वहिनी फोटो काढतायत. मला म्हणाले, तू जागा धरून ठेव, नंबर जवळ आला की फोन कर."

छोटीने हे अगदी सहज सांगितलं, आणि सांगून झाल्यावर ती हसली. ते हसू काकूंनी ओळखलं.

"बाहेर नीघ."

"आई, जागा जाईल!"

"जाऊ दे," काकू म्हणाल्या आणि तिचा दंड धरून त्यांनी तिला रांगेबाहेर काढलं. पिशव्या बाकावर यजमानांच्या मांडीवर ठेवल्या. "रांगेत आता तुमच्या लेकाला उभं करा. तुम्हाला जमलं तर तुम्ही राहा. हिला पुन्हा उभी केलीत तर माझ्याशी गाठ आहे."

यजमान काहीतरी बोलणार होते, पण काकू तोवर छोटीला घेऊन पासच्या खिडकीकडे निघाल्या होत्या.