शाफ्टवरची गाठ

"उभी राहा. पदर कसा सुटला, ते दाखव सगळ्यांना."

विम्याचा एजंट खुर्चीत बसून बोलत होता. जीनच्या पटांगणात, भर दुपारी. शेजारी शेठजी चहा पीत होते. मी समोर, सरकीच्या रिकाम्या पोत्यावर. उजवा हात गळ्यात बांधलेला. भोवती जीनमधले सगळे गडी, हमाल, मुकादम. त्या दिवशी मला ज्यांनी पाहिलं होतं, तेच हे सगळे.

मी उभी राहिले. मान वर होईना.

त्या दिवशीचं सांगते. आमच्या कापसाच्या जीनमध्ये सरकी काढायची यंत्रं ओळीनं होती. एकेका यंत्रापुढे एकेक बाई. यंत्रांच्या मागून जमिनीलगत एक लांब लोखंडी दांडा इंजिनाच्या पट्ट्यावर गरगर फिरायचा. त्याला सगळे शाफ्ट म्हणत. तिकडे सांडलेला कापूस आम्हीच वाकून गोळा करायचो. शाफ्टवर पूर्वी लोखंडी जाळी होती. हंगामाच्या तोंडावर ती काढली, ती परत बसलीच नाही. कापूस गुंतला की जाळी खोलण्यात वेळ जातो, म्हणून शेठजी म्हणाले, राहू द्या.

मग आम्ही बायांनीच रीत पाडली. भोंगा व्हायच्या आधी दोघी दोघींनी उभं राहायचं आणि एकमेकींचा पदर कमरेला आवळून पाठीमागे गाठ मारायची. आपली गाठ आपण मारायची नाही, ती ढिली राहते. माझी गाठ पारबता मारायची. आम्ही दोघी हिंगणीकडच्या गोंड, एकाच टोल्यावरच्या, एका वस्तीत वाढलेल्या. ती इतकी आवळायची की मी म्हणायची, "बाई, भाकर तं जाऊ दे पोटात!"

शाफ्टनं पदर धरलाच नव्हता. मी वाकले आणि त्यानं लुगड्याचा खालचा काठ धरला. पट्टा थांबेपर्यंत माझ्या अंगावर चोळीशिवाय काही उरलं नव्हतं. हात मोडला, ते नंतर कळलं. आधी कळलं की सगळे बघताहेत. पारबतानं पोतं आणून माझ्यावर टाकलं. त्या पोत्याखाली मी एवढंच म्हणत होते, मरण येऊ दे.

दवाखान्यातून आल्यावर मी घराबाहेर पडले नाही. नवऱ्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. त्यानं एक शब्द विचारला नाही, त्याचीही लाज वाटायची. मग एक दिवस मुकादम सांगून गेला, "एजंटबाबू येऊन राह्यले. ते सांगतीन तसं बोलजो. तुह्या हाताचे पैसे तेच मिळवून देतीन." मला वाटलं, एजंट म्हणजे आपल्या बाजूनं भांडणारा माणूस. मी धुतलेलं लुगडं नेसून गेले.

एजंटनं आधी मला बाजूला घेऊन गोडीत समजावलं. "विमा शेठजींचा आहे. जाळी नव्हती असं कळलं तर कंपनी हात वर करील. मग शेठजींनाही काही नाही आणि तुलाही नाही. माझा पदर ढिला होता, एवढं म्हण. थोडंफार मी मिळवून देतो."

मी हो म्हणणार होते. मोडक्या हातानं कोण काम देणार होतं मला?

पण त्याला साक्षीला माणसं हवी होती. म्हणून हे पटांगण, ही खुर्ची आणि मधोमध उभी मी. माझी मान खालीच बघून तो शेठजींकडे वळला आणि हसून म्हणाला, "या लोकांच्या बायांना लुगडं नेसायचं वळण कुठलं? जंगलात बघायला असतं कोण?"

शेठजी हसले. मागून एक हमाल ओरडला, "आमी पाह्यलं ना, साहेब!"

मग सगळेच हसले.

अंगाची आग झाली. कुठं तोंड लपवू कळेना, म्हणून दाराकडे पाहिलं. जीनचं मोठं दार उघडं होतं. साहेब आले म्हणून पट्टा बंद होता. आत शाफ्टवर माझं हिरवं लुगडं दिसलं. तेलानं काळं झालेलं, चिंधी होऊन गुंडाळलेलं. मी दवाखान्यात पडून होते तेव्हाही ते तिथंच फिरत होतं. सोडवायला कुणाला वेळ झाला नव्हता.

मी आत गेले. डाव्या हातानं ओढलं. निघेना. कुणी तरी शेजारी येऊन बसलं. पारबता होती. तिनं विळ्यानं चिंधी कापली आणि गाठीसकट माझ्या हातात दिली.

मी ती एजंटच्या पायाशी टाकली.

"हे पाहा, साहेब. लुगडं फाटलं, गाठ सुटली नाई. माहा पदर ढिला नव्हता. जाळी काऊन नव्हती, ते शेठजीले इचारा."

माझा आवाज फाटला होता. शेठजी उठून उभे राहिले. "पागल हो गई क्या? एक पैसा नहीं मिलेगा!"

"नका देऊ."

कुणी हसलं नाही. गाठ तशीच मातीत पडली होती, पारबतानं आवळलेली, घट्ट.

पैसे मिळाले नाहीत. माझं काम गेलं. त्या गड्यांपैकी कुणी बाजारात दिसला तर आजही मी रस्ता बदलते. लाज गेली असं मी म्हणणार नाही.

पण त्या रात्री पटांगणातून उचलून आणलेली ती चिंधी मांडीवर घेऊन बसले आणि एक गोष्ट लख्ख दिसली. गाठी मारून मारून आम्हीच शेठजीची जाळी झालो होतो. त्याचं लोखंड वाचत होतं आणि आमची हाडं जात होती. वर पदर ढिला म्हणून बोलणंही आम्हीच खायचं.

सकाळी भोंग्याआधी मी फाटकावर जाऊन उभी राहिले. बाया नेहमीसारख्या दोघी दोघी उभ्या राहत होत्या. पारबता एकटीच होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "कोणी कोणाची गाठ मारू नका. आधी जाळी. जाळी लागल्याबिगर एकही बाई आत जाणार नाई."

भोंगा झाला. पारबतानं आपला पदर मोकळा सोडला आणि फाटकात माझ्या बाजूला येऊन बसली.