कौसाबाई आणि जड पाणी

अंबरनाथजवळच्या मोरिवली गावाला लागून कारखान्यांची रांग आहे. त्यातल्या एका कंपनीने १९८७ साली आपल्या कॉलनीत पोहण्याचा तलाव बांधला, चांगला निळ्या फरश्यांचा, आणि तो घासायला रोजंदारीवर ठेवलं कौसाबाईंना. कौसाबाई शहाडला एका खोलीत राहायच्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, पदरात दोन मुली होत्या. वर्षभर काम नीट केलं तर कायम करू, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्या 'कायम' शब्दावरच बाईंचा सगळा संसार टेकलेला होता.

कामाला बाई वाघ होत्या. सकाळी सहाला काथ्या घेऊन बसायच्या आणि काठच्या फरश्या अशा घासायच्या, की त्यात तोंड दिसावं. तरी चार दिवसांत पाण्याच्या रेषेवर पांढरा थर धरायचा. उन्हाळा आला, पाणी आटायला लागलं, तशी वरून बोरिंगची भर वाढली आणि थरही वाढला. कंपनीला नळाचं पाणी होतं, बारवी धरणाचं, पण ते कारखान्यासाठी. तलावाला बोरिंग. एप्रिलपर्यंत फरश्या इतक्या खरबरीत झाल्या की पोरांचे गुडघे सोलवटायला लागले, आणि पाणी दूध ओतल्यासारखं झालं. तळ दिसेना.

अशा वेळी खापर कोणाच्या डोक्यावर फुटतं? जो सगळ्यात खाली उभा असतो त्याच्या. तलावाचे सुपरवायझर श्यामकांत साहेब म्हणाले, "तुम्ही घासतच नाही. गप्पा मारत बसता." गप्पा मारायला तिथे एक पंप होता, आणि तोही अर्धा वेळ बंद असायचा.

साहेबांकडे एकच उपाय होता, ब्लीचिंग पावडर. पाणी पांढरं दिसलं की पावडर. पावडरीने पाणी आणखी पांढरं झालं की आणखी पावडर. कौसाबाईंनी पंधरा दिवस हा खेळ पाहिला. मग पावडरीच्या बादलीच्या तळाशी उरलेला गाळ त्यांनी बोटांत चोळून पाहिला. चुना! फरशीवरचा पापुद्रा खरवडून घरी नेला, त्यावर चिंचेचा कोळ ओतला. फसफसला. लहानपणी गावच्या हंड्याला आतून जो थर बसायचा, तो असाच चिंचेने निघायचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात जाऊन सांगितलं, "साहेब, घासून कायबी व्हनार नाय. बोरिंगचं पानीच जड हाय. आन् पावडरीतबी चुना हाय."

साहेबांना इतकं हसू आलं की चहा बशीत सांडला. "जड पाणी? अहो बाई, जड पाणी अणुभट्टीत असतं! कधी पेपर वाचता का? आपण काय इथे अणुबॉम्ब बनवतोय?" शेजारचा क्लार्कही खो खो हसला. त्या दिवसापासून बाईंचं नाव पडलं 'अणुभट्टी'.

साहेब रोज पेपर वाचायचे, हे खरंच. पण आपल्या घरच्या स्वयंपाकघरात ते कधी डोकावले नसावेत. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही ते जड पाणी, हे त्यांच्या बायकोनेसुद्धा झोपेत सांगितलं असतं. हसून झाल्यावर ते म्हणाले, "एक मेपासून पोरांचा पोहण्याचा वर्ग आहे. सोमवारपर्यंत तळ दिसला नाही, तर मंगळवारपासून तुम्ही येऊ नका."

घरी जाताना कौसाबाई रडल्या. काम जाईल म्हणून तर रडल्याच, पण ते हसणं त्यांना जास्त लागलं होतं. शहाडला पोचेपर्यंत मात्र रडू संपून राग आला होता, आणि राग आला की बाईंचं डोकं फार चांगलं चालायचं.

शनिवारी त्या कंपनीच्या कँटीनमध्ये गेल्या. तिथला आचारी हरिचंद्र त्यांच्याच वस्तीतला. "भाऊ, दोन पातेली दे, आन् दोन मुठी तूरडाळ." एका पातेल्यात नळाचं पाणी, दुसऱ्यात बोरिंगचं. सारखी डाळ, सारखी आच.

मॅनेजरसाहेब दुपारी कामगारांबरोबरच जेवायला बसायचे. कौसाबाई दोन वाट्या घेऊन थेट त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मागून श्यामकांत साहेब धावत आले, "अहो बाई, काय चाललंय?" पण वाट्या टेबलावर ठेवून झाल्या होत्या.

"साहेब, ही नळाच्या पान्यातली, ही बोरिंगच्या. डाळ एकाच बरनीतली. बोटानं दाबून बघा."

मॅनेजरांनी दाबलं. पहिलीचं पिठलं झालं. दुसरीचा दाणा बोटाखालून निसटून ताटाबाहेर गेला.

"नळ्या चुन्याने बुजतात म्हणून हे पाणी आपण बॉयलरला देत नाही," ते श्यामकांत साहेबांना म्हणाले, "आणि पोरांना त्यात उतरवतो?" मग बाईंकडे वळले. "काय करायचं म्हणता?"

"अर्धा तलाव सोडा, नळाचं पानी भरा. पावडर आदी पिंपात कालवा, गाळ बसू द्या, आन् वरचं नितळ तेवढंच तलावात घाला. फरशीचं मी बघते."

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"शिकवतंय कोन साहेब. आमच्या गावाला दोन हिरी व्हत्या. गोड्या पान्याची त्यांची, जड पान्याची आमची. गोड्या हिरीवर आमाला चढू देत नव्हते. लग्न होऊस्तोवर मी ह्या असल्या पान्यात डाळ शिजवली."

मॅनेजरांनी तिथल्या तिथे तलावाला नळाचं पाणी द्यायला सांगितलं. श्यामकांत साहेबांना तोंडात मारल्यासारखं झालं.

सोमवारी अर्धं पाणी बदललं. गुरुवारी तळाच्या काळ्या पट्ट्या वरून मोजता येऊ लागल्या. एक मेला वर्ग सुरू झाला आणि जूनमध्ये कौसाबाई कायम झाल्या. त्यानंतर अकरा वर्षं तो तलाव त्यांनी सांभाळला, आणि अंबरनाथ-बदलापुरात तसं नितळ पाणी मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

श्यामकांत साहेबांनी माफी वगैरे मागितली नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. पण एक दिवस पाण्याच्या व्हॉल्व्हजवळ त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवून लावली. कौसाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी थोरल्या मुलीला मुद्दाम शहाडहून बोलावून घेतलं.

मुलीने वाचलं, "कौसाबाईंना विचारल्याशिवाय कोणीही पाणी सोडू नये."

"पुन्यांदा वाच," कौसाबाई म्हणाल्या.