बिननवरदेवाचा बँड

मी तोतरी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाईनं लपवलं. 'ब', 'प' आणि 'म' ही अक्षरं माझ्या ओठांशी येऊन अशी रुसून बसायची की काय सांगू! घरात माझं वाक्य पुरं करायचं खातं नानांकडे होतं. नाना म्हणजे माझे वडील. मी "पा…" म्हटलं की ते लगबगीनं उठून तांब्या आणायचे. मला पाटी हवी असायची. पण आता 'पाटी' म्हणून भांडत कोण बसणार? मी आपली मुकाट्यानं पाणी प्यायचे. लहानपणी मी जितकं पाणी प्याले तितकं आमच्या कपाशीलाही मिळालं नसेल.

शेतात एकटी असले की मात्र जीभ सुसाट. कपाशीच्या सरीत उभी राहून मी झाडांशी खडाखडा बोलायचे, त्यांना रागवायचे, त्यांना शिकवायचे. माणूस दिसला की झालं, तोंडाला कुलूप.

आमचं गाव पारोळ्याजवळ. कॉलेजसाठी मी धुळ्याला मामाकडे राहायचे. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं, नव्वदच्या आसपासचा काळ. मला बी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं आणि ते ऐकूनच नानांना घाम फुटायचा. वर्गातली पोरं आपल्या लेकीला हसतील, ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती. माणूस दुष्ट असता तर मी भांडले असते हो, पण हा मायेनं अडवत होता. मायेशी काय भांडणार, कपाळ!

तरी मी भांडले. दिवाळीच्या सुट्टीत मी जेवण टाकलं तेव्हा नाना म्हणाले, "चार लोकांत एकदा बोलीसन दाखाड. मंग बी.एड.नं देखसूत." चार लोकांत एकदा बोलून दाखव, मग बघू. हे मला जमणार नाही याची त्यांना पक्की खात्री होती. खरं सांगायचं तर मलाही होती.

कॉलेजात मराठीच्या एक बाई होत्या. उंच, खणखणीत आवाजाच्या, आणि डोक्यात सदा काहीतरी खूळ. मी अहिराणीत कविता लिहिते हे त्यांना ठाऊक होतं, कारण माझ्या मैत्रिणीनं माझी एक कविता वर्गात वाचून दाखवली होती. बाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "कविता तुझी आणि तोंड दुसरीचं? हे चालायचं नाही." मी काहीतरी सांगायला गेले, अडकले. बाईंनी माझं वाक्य पुरं केलं नाही. हातावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला होता!

बाईंचं नवं खूळ असं होतं. त्यांच्या भावानं परदेशातून एक कॅसेट आणली होती, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीताची. त्यात एक माणूस गात नाही, नुसता बोलतो, आणि त्याच्यामागे सॅक्सोफोन बोलतो. बाई म्हणायच्या, हे आपल्याकडे झालं पाहिजे. नवे कवी, ज्यांचं काही छापून आलेलं नाही, आणि नवे वादक, ज्यांना कुणी बसून ऐकलेलं नाही, अशांना एकत्र उभं करायचं. हातात कागद घ्यायचा नाही. जळगावात एक हॉल ठरला, रविवारची दुपार ठरली.

सॅक्सोफोन शोधायला लांब जायला नको होतं. माझा मामेभाऊच धुळ्याच्या एका लग्नाच्या बँडमध्ये तो वाजवायचा. बाईंनी त्याला ती कॅसेट ऐकवली. त्यानं डोळे मिटून पूर्ण ऐकली आणि म्हणाला, "बाई, हाऊ तर बिननवरदेवना बँड शे!" बाई पोट धरून हसल्या. त्यानं सोबत आपला ढोलवाला मित्रही आणला. तालमीत बाईंनी दोघांना दहादा बजावलं, कवी बोलायला लागला की मगच हळूच मागून यायचं. कवीच्या आधी एक टिपरीसुद्धा पडता कामा नये. दोघांनी माना डोलावल्या.

माझी कविता 'बोंड' या शब्दानं सुरू व्हायची. बाई म्हणाल्या, "पहिला शब्द बदल हवं तर. 'कापूस' घे, तो सुटतो तुला." मी मान हलवली, नाही म्हणून. कविता तशीच आली होती, मी काय करू? माझा हट्टी स्वभाव मला नेहमीच नडलाय.

नाना गावाहून थेट जळगावला आले, इस्त्रीचं धोतर आणि नवी टोपी घालून, जसं काही माझं लग्नच होतं. हॉल बऱ्यापैकी भरला होता. पुढच्या रांगेत जळगावची शिकलेली, चष्मेवाली मंडळी, मागं कॉलेजची पोरं. नाना पुढच्या रांगेच्या अगदी टोकाला, स्टेजच्या जिन्याजवळ बसले. तिथंच का बसले ते मला तेव्हा कळलं नाही.

पहिल्यांदा यावलची एक मुलगी आली. वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीत ती नेहमी कोरसमध्ये असायची, एकटी कधी गायलीच नव्हती. तिनं तोंड उघडलं आणि हॉल गप्प झाला. मागे वाद्य नको म्हणाली, आणि खरंच नको होतं. मग असोद्याचा एक जण आला. तो ट्रकमध्ये केळीचे घड भरायच्या कामाला जायचा. घड हातोहात देताना ते लोक जे तालात ओरडतात, त्याच तालावर त्यानं आपल्या बोलीत असं काही झरझर सुनावलं, व्यापाऱ्याला, मुकादमाला, स्वतःच्या सासऱ्याला, की श्वास कुठं घेत होता देव जाणे. पोरं बाक बडवत होती. चष्मेवालेही हसत होते. मला मात्र घाम. आता यांच्यानंतर मी!

बाईंनी माझं नाव पुकारलं. मी मध्ये जाऊन उभी राहिले. मामेभावानं सॅक्सोफोन ओठाला लावून ठेवला होता, ढोलवाला टिपरी वर धरून वाट बघत होता. मी सुरुवात केली.

"बो…"

झालं. बसलं कुलूप. "बो… बो… बो…" ओठ मिटले ते मिटलेच. जबडा दुखायला लागला. हॉलमध्ये आधी शांतता पसरली, मग ती शांतता अवघडली, मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. पंख्याचा आवाज मोठा वाटायला लागला. मी नानांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि मी नानांकडेच बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. बिचारे माझा शब्द पुरा करायला बघत होते आणि कविता त्यांना माहीतच नव्हती! मला वाटलं, संपलं. बी.एड. संपलं. आता जन्मभर पाणीच प्यायचं.

आणि नाना उठले. तरातरा जिना चढून स्टेजवर आले. खिशातून नोट काढली, माझ्या डोक्यावरून ओवाळली आणि ढोलवाल्याच्या हातात कोंबली.

आता आमच्याकडच्या लग्नात काय होतं, ते ठाऊक असेलच. बँड काहीही वाजवत असो, नाहीतर दम खात बसलेला असो, कुणी नवरदेवावरून किंवा नाचणाऱ्यावरून नोट ओवाळली की लगेच दणक्यात सुरू करायचं. तिथं विचार करायचा नसतो. नोट हातात पडली आणि हात चालला नाही, तर तो कसला बँडवाला! ढोलवाल्यानं नोट टोपीत खोचली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि धाडकन वरातीचा ठेका सुरू केला.

हॉल हादरला. बाईंनी पडद्याआड कपाळाला हात लावलेला मला स्पष्ट दिसला. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, एक जण तर बाकावर उभा राहून नाचायलाच लागला. आणि मी? माझं डोकं असं भडकलं की विचारू नका. आयुष्यात एकदा, एकदा मी बोलायला उभी राहिले, आणि यांनी माझी वरात काढली! मी रागानं पाय आपटला. पुन्हा आपटला. "काय नाना!" असं ओरडायला मी तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"बोंड उकलनं, बोट फाटनं,
धवळा कापूस, लाल रगत!"

माझे मलाच कान टवकारावे लागले. पाय ठेक्यावर पडत होता आणि पायाबरोबर शब्द पडत होता. पुढची ओळ आली. तिच्या पुढची आली. 'ब' आला, 'प' आला, मेला 'म'सुद्धा आला, रांगेत, शिस्तीत. बोंड उकलतं तेव्हा वेचणारीचं बोट फाटतं, गाठोडं पांढरं दिसतं पण आतला एक कापूस लाल असतो, अशी ती कविता. मी ती शेतात जशी झाडांना ऐकवायचे तशी ऐकवली, म्हणजे रागवून. मामेभाऊ हुशार. त्यानं ढोलवाल्याला डोळ्यानं दाबलं, ठेका खाली आणला, आणि माझी ओळ संपली की सॅक्सोफोनवर तीच ओळ रडवून परत द्यायला लागला. मी एक म्हणायचे, तो एक म्हणायचा. शिट्ट्या कधी थांबल्या कळलं नाही. शेवटची ओळ मी ठेक्याशिवाय म्हटली. म्हणजे ढोल थांबला होता हे मला ओळ संपल्यावर कळलं.

मग टाळ्या. मी टाळ्यांचं काही सांगत नाही, सगळेच आपापल्या टाळ्या वाढवून सांगतात. मी स्टेजवरच खाली बसले आणि ढसाढसा रडले. दुःख नव्हतं काही. लहानपणापासून डोक्यावर धरलेलं ओझं कुणीतरी अचानक उतरवून घ्यावं आणि मान हलकी लागावी, तसं झालं होतं. किती बरं वाटलं, ते अजून मला नीट सांगता येत नाही.

नाना स्टेजच्या कोपऱ्यात तसेच उभे होते, हात जोडून, चोर सापडल्यासारखे. मी डोळे पुसत त्यांच्याजवळ गेले आणि विचारलं, नोट कशाला ओवाळली? तर म्हणाले, "माले वाटनं, ढोल वाजना का बठ्ठा लोके तिकडे देखतीन, आन तू हळूच उतरी जाशी."

म्हणजे बघा! माझी कविता व्हावी म्हणून नव्हेच. गोंगाटात मला झाकून खाली न्यायला आले होते. म्हणूनच ते जिन्याजवळ बसले होते. मी आधी बघत राहिले, मग मला असं हसू फुटलं की पुन्हा डोळ्यांतून पाणी. नानाही हसायला लागले, पण त्यांचं हसू जरा ओशाळं होतं. बाई धावत आल्या आणि नानांचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "अहो, हेच तर मला हवं होतं!" पुढं त्या लोकांना सांगत सुटल्या की ते सगळं तालमीत बसवलेलं होतं. सांगोत बापड्या.

कार्यक्रमानंतर गावी जायला आम्ही दोघं स्टँडवर आलो. दिवस कलला होता. धुळ्याची गाडी लागलेली होती, पारोळ्याला तीच थांबते. खिडकीजवळची जागा मिळाली. नानांनी नवी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी मात्र एरंडोलपर्यंतच्या गप्पा मनात जुळवत होते, आज काय काय बोलीन म्हणून. एकदा सुटलं म्हणजे कायमचं सुटलं, असंच मला वाटत होतं.

कंडक्टर पंच वाजवत आला. "कुठं?"

"पा…" मी म्हटलं, आणि अडकले. इथं ना ढोल होता ना ठेका. "पा… पा…"

कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे बघितलं. "बाबा, तुम्ही सांगा ना, कुठं जायचंय?"

मी नानांकडे बघितलंच नाही. त्यांचं तोंड उघडलेलं मला न बघताही ठाऊक होतं. माझ्या जन्मापासून तेच तर करत आले होते. पण शब्द आला नाही. ते खाकरले आणि कंडक्टरला म्हणाले, "तिले इचारा. मन्ही पोर मास्तरीन व्हनार शे. तीच सांगी."

गाडी स्टँडबाहेर वळली. पुढच्या बाकावरच्या दोन बायका मागं वळून बघायला लागल्या. कंडक्टर दांड्याला टेकून उभा राहिला. मला वेळ लागला. मी तो घेतला, आणि सांगितलं.